जित्याची खोड, उसाचा खोडवा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उसाबद्दल कुणाला शहाणपण शिकवायला जाऊ नये. घोड आणि भीमेच्या पाण्यावर इथं ऊस उभा राहतो, तो साखर कारखान्याला जातो, आणि दौंडच्या बाजूला तोडणीची टोळी वेळेत आली नाही तर गुऱ्हाळाच्या कढईत जातो. ऊस तुटला की रानात बुडखे उरतात. ते जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत कुजवायचं, फुटवा आला नाही तिथं नांग्या भरायच्या, खतपाणी द्यायचं, की त्याच खोडाला पुन्हा ऊस येतो. हा खोडवा. नांगरट नाही, बेणं नाही, लागणीची मजुरी नाही, त्यामुळं खोडवा शेतकऱ्याचा लाडका. खोडव्याचाही खोडवा घेतला तर त्याला निडवा म्हणतात. त्याच्याही पुढं काही जण नेटानं जातात, पण तिथून पुढं रानात ऊस कमी आणि आशा जास्त उभी असते.

उसाचं हे पुराण लावायचं कारण कॉमिक्स. चित्रकथांचा जगभरचा धंदा खोडव्यावर चालतो. एकदा लावलेलं पात्र साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षं तोडत राहायचं. लागण करणारा लेखक कधीच निघून गेलेला असतो. मागं राहिलेली मंडळी दर हंगामाला नवा चित्रकार, नवा लेखक, नवा अंगरखा असं खत घालून पीक काढतात. मग वाचकांत भांडण लागतं. एक पक्ष म्हणतो, पात्राला काळाप्रमाणं बदलू द्या, नाहीतर ते कुजेल. दुसरा म्हणतो, हात लावाल तर खबरदार, आमचं बालपण आहे ते. दोन्ही पक्ष उसाकडं बघत असतात, खोडाकडं कुणी बघत नाही. मराठीनं या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. झाडाला असतं ते खोड आणि माणसाला असते ती खोड. लिंग तेवढं बदलतं. माझं म्हणणं एवढंच, की पात्राचं वय, कपडे, धंदा, गाव, वाहन, बायको, वाटेल ते बदला, त्याची खोड तेवढी बदलू नका. आणि पात्र विनोदी असेल तर त्याला सुधारण्याचा विचारही मनात आणू नका.

खोड सोडून बाकीचं किती बदलता येतं, याचे प्रयोग अमेरिकेनं स्वतःच्या खर्चानं करून ठेवले आहेत, ते फुकटात वापरायला हरकत नाही. १९९२ साली सुपरमॅनला मारलं. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, लोकांनी रांगा लावून अंक विकत घेतले, आणि वर्षश्राद्धाच्या आत गृहस्थ परत हजर. येताना केस मानेपर्यंत वाढवून आला. आपल्याकडं सुतकात केस उतरवतात. स्वतःच्याच सुतकात केस वाढवणारा हा पहिलाच असावा. पण परत आल्यावर त्यानं केलं काय? चष्मा लावून नोकरीवर रुजू झाला आणि पुन्हा वरून पडणारी माणसं झेलायला लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं आपण म्हणतो. याची मेल्यावरही गेली नाही, म्हणून वाचकांनी त्याला घरात घेतला. स्पायडरमॅनचं उलट झालं. १९८७ साली त्याचं लग्न लावलं आणि २००७ साली सैतानाशी करार करून ते लग्न कधी झालंच नव्हतं असं ठरवून टाकलं. त्याच साली महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती, पण ती खबर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली नसावी. नाहीतर समितीनं दोघांना चावडीत बसवून, दोन्हीकडच्या पावण्यांना चहा पाजून, सैतानाला मध्ये न घेता प्रकरण मिटवलं असतं. त्या करारावर वाचक चिडले त्याचं कारण मला लग्नात दिसत नाही. आपल्या हातून घडलेल्याचं ओझं दुसऱ्यावर न टाकणं, ते जन्मभर स्वतःच वाहत बसणं, हीच त्या कोळ्याची खोड. करारात त्यानं नेमकं तेच ओझं खाली ठेवलं. म्हणजे मरून आलेला माणूस तोच राहिला आणि साधी बायको गेलेला माणूस वेगळा झाला.

हे ज्यांना पटत नाही त्यांनी दौंड जंक्शन आठवावं. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं, आणि गाडी आली त्याच दिशेनं परत फिरून नगरच्या रुळाला वळायची. गाडीच्या तोंडाकडं तोंड करून बसलेला प्रवासी जागेवरून न उठता पाठमोरा व्हायचा. पुढचा डबा मागं, मागचा पुढं. नवखा माणूस घाबरून विचारायचा, गाडी पुन्हा पुण्याला चालली का? पण गाडीचं नाव तेच, नंबर तोच, डब्यातलं जागेवरचं भांडण तर अगदी तेच, जिथं थांबलं होतं तिथून पुढं. आता कॉर्ड लाइन झाली आहे, कितीतरी गाड्या जंक्शनात न शिरताच बाहेरून वळतात, आणि नगरचंही २०२४ साली अहिल्यानगर झालं. तरी ती गाडी दुसरी झाली असं कुणी म्हणत नाही. खुद्द दौंडाला इंग्रज धोंड म्हणायचे. शिरूरला तर आजही निम्मे लोक घोडनदी म्हणतात आणि उरलेले निम्मे एसटीच्या पाटीवर दोन्ही नावं शोधतात. नाव, दिशा, इंजिन हे सगळं बदलूनही गोष्ट तीच राहू शकते, हे या दोन तालुक्यांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

इंजिन उलटं लावूनही गाडी तीच राहिल्याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे शिकारी शंभू. लुई फर्नांडिस यांनी लिहिलेला आणि वसंत हळबे यांनी काढलेला हा गडी १९८३ पासून ‘टिंकल’मध्ये आहे. टोपी डोळ्यांवर ओढलेली, मिशा झुपकेदार, आणि छातीत धडधड. नावातच शिकारी. पुढं शिकार हा शब्द मुलांच्या मासिकात शोभेनासा झाला, तेव्हा शंभू जंगली प्राण्यांचा रक्षक झाला. जो मारायचा तो वाचवायला लागला. धंद्यात याहून मोठी उलटापालट होत नाही. तरी शंभू तसूभर बदलला नाही, कारण त्याची खोड बंदुकीत नव्हतीच. जगानं शूर समजावं आणि आपण मनातून भ्यालेलं असावं, ही ती खोड. वाघाला मारायला जाताना जेवढा तो घाबरायचा, तेवढाच वाचवायला जाताना घाबरतो. अर्थात हा शंभू उचलून शिरूरच्या बेट भागात आणून सोडला तर कुणी हसणार नाही. तिथं बिबट्या चित्रातला नाही, माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत, आणि वीज रात्रीची असते म्हणून रात्री उसाला पाणी धरणाऱ्याच्या भीतीला खोड म्हणत नाहीत. शंभूनं त्याच्या कागदी जंगलातच राहावं.

आता खोड सुधारली तर काय होतं ते पाहू. मिकी माऊस १९२८ साली पडद्यावर आला तेव्हा चांगला वांड होता. जनावरांच्या शेपट्या पिळून, दात वाजवून संगीत काढायचा. लोकप्रिय झाला, पोरांच्या हातात गेला, आणि आईबापांची पत्रं सुरू झाली: असला उंदीर आमच्या मुलांपुढं नको. मालकांनी पत्रं मनावर घेतली. मिकी सभ्य झाला, नीटनेटका झाला, आणि कंटाळवाणा झाला. पण वांडपणा वाया जात नाही. एका पात्रातून हाकलला की तो दुसऱ्याकडं नोकरी धरतो. १९३४ साली डोनाल्ड नावाचं बदक आलं, चिडकं, आळशी, हेवेखोर, आणि बघता बघता उंदराच्या पुढं गेलं. मिकी आजही आहे. घड्याळावर आहे, दप्तरावर आहे, गावच्या अंगणवाडीच्या भिंतीवर पेंटरनं स्वतःच्या मनानं काढलेला आहे. नुसता हसतोय. त्याच्याकडं बघून कुणी हसत नाही.

हा सगळा उद्योग आपल्या तमाशानं फार आधी करून ठेवला आहे, आणि तोही वॉल्ट डिस्नेला कळू न देता. गवळणीतला कृष्ण बघा. मूळचा हा पक्का खोडकर, दह्यादुधाचा चोर. पण देव ठरला. देवाला फार वेडंवाकडं बोलायला लावता येत नाही, त्याची टिंगल तर नाहीच. मग त्याचा वांडपणा उचलून पेंद्याकडं दिला. पेंद्या लंगडा, बोबडा, भुकेला, आणि तोंडाचा फाटका. कृष्ण वाट अडवतो, गंमत पेंद्या करतो. समोर मावशी उभी, पुरुषानं पदर डोक्यावर घेऊन केलेली, वयाचा पत्ता नाही, जिभेला हाड नाही. या दोघांच्या वाट्याला किती पिढ्यांचे प्रेक्षक आले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण सलग चाललेली विनोदी पात्रं म्हणून त्यांच्यापुढं सुपरमॅन म्हणजे कालचं पोर.

बेट भागातलंच कवठे येमाई हे गाव तमाशाच्या नकाशावर ठळक आहे. बशीर मोमीन कवठेकर तिथले. त्यांनी आयुष्यभर लावण्या, गवळणी आणि वगनाट्यं लिहिली, ती एका नव्हे, अनेक फडांनी वापरली, आणि २०१८ सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. गवळण लिहिणाऱ्या माणसाचा धंदा नीट बघितला की आपल्या वादाचं उत्तर निम्मं सापडतं. फडाला दर हंगामाला नवी गवळण लागते, नवी चाल लागते, नव्या कोट्या लागतात. नवा पेंद्या मागायला मात्र कुणी येत नाही. गवळणी अजून मथुरेच्या बाजाराला निघतात, डोक्यावर माठ घेऊन, पायी. ज्या गावात हा खेळ चालतो तिथं दूध संकलन केंद्र असतं, फॅट आणि एसएनएफ लावून पावती मिळते, टेम्पो दारात येतो. तरी एकाही प्रेक्षकानं उठून विचारलं नाही, की बायांनो, दर काय मिळतो मथुरेला? उलट मावशीनंच तो प्रश्न विचारला तर मांडव डोक्यावर घेतला जातो. म्हणजे डेअरी खेळात यायला हरकत नाही, निवडणूक यायला हरकत नाही, मोबाइल तर मावशीच्या कमरेलाच असतो. मावशीनं शहाणं मात्र व्हायचं नाही. मावशी समजूतदार झाली, की गवळणींना वाट मिळेल, त्या मथुरेला पोहोचतील, आणि खेळ पावणेदहाला संपेल.

काळू-बाळूंचा दाखला तर याच्याही पुढचा. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू हे दोन हवालदार रंगवले, आणि त्या हवालदारांनी दोघांना असं काही अटकेत घेतलं, की पुढं महाराष्ट्र त्यांना त्याच नावानं ओळखू लागला. पोट सुटलं, केस पिकले, जमाना बदलला, हवालदार तेच. इतकी वर्षं नोकरी करून बढती न मिळालेले हे दोनच पोलीस असतील, ज्यांच्याबद्दल जनतेनं निवेदन दिलं नाही. दिलं असतं तर ते उलटंच असतं: कृपया यांना फौजदार करू नये.

यावर पहिला आक्षेप वयाचा येतो, आणि तो वजनदार आहे. माणसं म्हातारी होतात, मग पात्रं का नाहीत? हा खोटेपणा नव्हे काय? मराठीत हा प्रश्न चिंटूला विचारायला हवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये आला. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा धरला, तर एव्हाना चाळिशी ओलांडून गेला असता. शिरूरला घर असतं तर रांजणगावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असता. दौंडला असतं तर पहाटेची पुण्याची गाडी धरून रोज ये-जा करत असता आणि खिडकीच्या जागेवरून मित्र पप्पूशी भांडला असता. डोक्यावरचा तो झुपका कधीच गेला असता. मिनी, बगळ्या, सगळे व्हॉट्सॲपच्या गटात एकमेकांना सुप्रभात घालत बसले असते, आणि अंगणात आलेला चेंडू परत न देणारा माणूस म्हणून गल्लीत त्याचीच ख्याती असती. म्हणजे चिंटूला वय दिलं की तो चिंटू न उरता चिंटूच्या शेजारचा काका होतो. अमेरिकेत ‘गॅसोलीन अ‍ॅली’ नावाची चित्रपट्टी १९१८ साली सुरू झाली आणि तिनं १९२१ पासून खरोखर पात्रांना वर्षागणिक वय दिलं. दारात सापडलेलं तान्हं बाळ वाढत वाढत म्हातारं झालं. ते फार सुंदर काम आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण ती घराण्याची बखर आहे. बखरीत माणसं जातात आणि घर उरतं. चिंटूत उरायचा आहे तो चिंटू.

वय आणि खोड दोन्ही सांभाळायची खरी युक्ती लढवली ती ली फॉक यांनी. त्यांचा फँटम १९३६ साली आला. १९६४ च्या मार्चमध्ये ‘इंद्रजाल’ कॉमिक्स सुरू झालं आणि तो आपल्याकडं वेताळ होऊन आला. (नाव कुणी सुचवलं असेल त्याला साष्टांग नमस्कार, इंग्रजी भुताला इतकी घरची जागा दुसऱ्या कुठल्या शब्दानं मिळाली नसती.) हा वेताळ एकविसावा. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा, तोच पोशाख चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो, आणि जंगलातले लोक समजतात की चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय. माणूस बदलला, वेताळ नाही. आपल्याकडंही एकाच आडनावाचे आजोबा, वडील, नातू त्याच मतदारसंघात त्याच खुर्चीवर बसतात, पण आपली जनता जंगलातल्या लोकांपेक्षा चलाख असल्यामुळं तिला फरक कळतो. ती मत मात्र मुखवट्यालाच देते. रंगभूमीवर ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार असाच चालत आला. दादू इंदुरीकरांनी तो अजरामर केला, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार घेतला, १९८० साली ते गेले. सावळ्या गेला नाही. तो प्रकाश इनामदारांच्या अंगात आला आणि पुढं चित्रपटात मकरंद अनासपुऱ्यांच्या. तिघांचे आवाज वेगळे, अंगकाठी वेगळी, विनोदाची जात वेगळी. गाढवापुढं शहाणपण करण्याची खोड तिघांनीही सारख्याच निष्ठेनं सांभाळली.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो टाळून पुढं जाणं हा पळपुटेपणा होईल. काही खोडी जपण्यासारख्या नसतात. पेंद्याच्या लंगडेपणावर हसायचं? बायकांना उद्देशून केलेल्या फाटक्या कोट्या परंपरा म्हणून चालू ठेवायच्या? मला वाटतं इथं खोड आणि तिचा नेम यात गल्लत होते. पेंद्याची खोड लंगडणं ही नव्हे; भूक आणि आगाऊपणा ही आहे. त्याला दोन्ही पायांवर सरळ चालायला लावा, एकही हशा कमी होणार नाही, कारण तोंड सरळ चालायला लागलेलं नाही. हसू कुणावर उलटायचं ते बदलता येतं, बदलायलाच हवं. ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगमंचावर आलं तेव्हा वसंत सबनिसांच्या संहितेतून दादा कोंडक्यांचा हवालदार रोजच्या बातमीवर बोलायचा. आज कुणावर, उद्या कुणावर. टोप्या बदलत गेल्या, टोपी उडवायची खोड राहिली. वेताळाचं दुखणं मात्र असं सुटणारं नाही. गोऱ्या माणसानं कवटीच्या सिंहासनावर बसून काळ्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या न्याय करायचा, ही त्या कथेची सवय नव्हे, तिचा पायाच आहे. ‘इंद्रजाल’नं त्याच्या देशाचं नाव ‘बेंगाली’चं ‘डेंकाली’ केलं, चाच्यांच्या टोळीतला ‘सिंग’ पुसून ‘सिंगा’ केलं, १९७७ साली वेताळाचं डायनाशी लग्न झालं, तीही संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी. नांग्या भरून झाल्या. रान तेच. अशा ठिकाणी खोडवा धरू नये, ते पीक मोडावं, आणि जुने अंक आवडीनं जपून ठेवावेत. जुनं वाचायला बंदी नाही. नवं पिकवायचा आग्रह नको.

तिसरा आक्षेप लेखकाचा: पात्र माझं आहे, मी त्याला सुधारेन नाहीतर विहिरीत ढकलेन, तुम्ही कोण? कायद्यानं तो बरोबर आहे. व्यवहारात त्याला कोणी विचारत नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून आपल्या कॉमन मॅनला चौकड्यांचा कोट घालून उभा केला आणि शेवटपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द काढला नाही. पंतप्रधान बदलले, महागाई तर काय, ती बदलत नाही, वाढते; हा गप्प. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. गप्प राहण्याची खोड इतकी मुरलेली, की पुतळा झाल्यावर त्याला काहीच नवीन शिकावं लागलं नाही. स्वतः लक्ष्मण यांनीच त्याला भाषण करायला लावलं असतं, तर ऐकणाऱ्यांनी हा कोण दुसराच उभा केलाय असं विचारलं असतं. लागण केली म्हणजे खोडाचा स्वभाव आपल्या हातात येत नाही. हे उसाला लागू आहे, पोटच्या पोरांना लागू आहे, आणि पात्रांना तर आहेच.

आता या सगळ्याची घरची परीक्षा. पुणे जिल्ह्यानं जगाला दिलेलं सर्वांत टिकाऊ पात्र म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा गोष्टींतला मुलगा, चित्रपट्टीतला नव्हे. पण राम वाईरकरांच्या रेषेशिवाय तो कुणाला आठवत नाही, तेव्हा त्याला या पंगतीत बसवायला हरकत नसावी. हडकुळा, सायकलवर, विद्याभवनचा विद्यार्थी, आणि जिभेनं टाळूवर ‘ट्टॉक्‌’ वाजवणारा. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला. मग २०१७ च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला, अमेय वाघला घेऊन, आणि शाळकरी फेणे एकदम मिशीचा झाला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण. वर खुद्द भागवतांनाच दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं कथेत आणून बसवलं; लागण केलेला शेतकरी स्वतःच्या उसात उभा राहावा तसा. जुने वाचक दचकले. इतकं बदलायचं?

मी म्हणतो, बदललं काय? वय बदललं, परीक्षा बदलली, खलनायकाला पिस्तूल आलं. फेण्याची खोड, ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही त्या भानगडीत आपणहून नाक घालायचं आणि ते कापलं जाईपर्यंत काढायचं नाही, ही जशीच्या तशी. एका दिवसाच्या ओळखीचा मुलगा मरतो, बाकीचे सगळे पुढं निघून जातात, आणि हा अडून बसतो. ‘ट्टॉक्‌’ही आहे. अभ्यासाला आलेला मुलगा अभ्यास सोडून भलतंच करतो, म्हणजे आईबापांच्या पत्रांची सोयही शाबूत आहे. माझ्या मापानं हा खोडवा चांगला साधलेला आहे. त्यात उणं काढायचं तर एवढंच, की फेण्याला मोठा केल्यामुळं आठवीतल्या पोराच्या वाट्याचं साहस मोठ्या माणसानं नेलं, आणि मोठ्या माणसांना साहसं तशीही पुष्कळ मिळतात. पुढच्या वेळी धाकटा फेणे आणावा. मुखवटा घालायची गरज नाही, सायकल पुरे.

फेण्यापेक्षा जास्त बदललं ते त्याचं गाव. ज्या साली चित्रपट आला त्याच साली फुरसुंगी पुणे महापालिकेत गेलं, आणि २०२४ साली उरुळी देवाचीसह बाहेर काढून त्याची वेगळी नगरपरिषद ठरली. शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि कचरा डेपोमुळं गावाचं नाव गोष्टींपेक्षा बातम्यांत जास्त छापून आलं. तेव्हा पुढचा फास्टर फेणे लिहायला जो कुणी बसेल, त्यानं आमच्याकडून वयाची, कपड्यांची, मोबाइलची, हवं तर प्रेमप्रकरणाचीही परवानगी गृहीत धरावी. ‘ट्टॉक्‌’ला हात लावू नये, आणि पत्ता लिहिताना फुरसुंगीपुढं महापालिका लिहू नये. ते आता तिथं नाही.